बरी हाय

आमच्या घरात नळाला पाणी आलं की ते आधी मोबाईलला कळायचं, मग मला. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत कुणी एकाने 'आलं' असं दाबलं की सगळ्यांचे फोन वाजायचे. मोबाईलवरचं हे पेज शिवराजांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरीच बनवलेलं. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पण जीव सगळा मागच्या खोलीत. तिथे दोन मॉनिटर, टकटक वाजणारा कीबोर्ड आणि स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप. तो कधीच बंद करायचा नाही, कारण यांची सगळी पेजेस त्याच्यावरून चालायची. लाइट गेली तर इन्व्हर्टर आधी त्याला, उरलं तर आमच्या पंख्याला.

सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, कशाकशाचं पेज नव्हतं. मी चिडवायचे, "माझ्या रागाचंही एक करा की." तर हे खरंच विचारात पडायचे, कसं करता येईल म्हणून. असा माणूस. वाईट म्हणावा तर तसा अजिबात नाही, आणि म्हणूनच मला कुणावर ओरडावं ते कळत नाही.

सासूबाई गावी, अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीला एकट्या राहायच्या. त्यांना आम्ही दोघंही अव्वा म्हणायचो. म्हैस आणि अंगण सोडून त्या फ्लॅटमध्ये यायला तयार नव्हत्या. त्यांच्याकडे साधा बटनांचा फोन होता. सकाळी पूजा झाली की त्या यांना मिस्ड कॉल द्यायच्या आणि हे उलटा फोन करायचे. "ऊटा आतेनु?" अव्वा विचारायच्या. जेवलास का. दात घासून झालेले नसायचे, जेवण कुठलं, पण विचारायच्या तेच. हे "हं, आतु" म्हणायचे. झालं म्हणायचे. तेवढ्यावर अव्वांचा दिवस निघायचा.

मग यांना बढती मिळाली. सकाळच्या मीटिंगा सुरू झाल्या आणि मिस्ड कॉल नेमका मीटिंगमध्ये यायला लागला. यांनी अव्वांसाठी पेज बनवलं. मोठा स्मार्टफोन नेऊन दिला, जुना फोन काढून घेतला. स्क्रीनभर एकच हिरवं बटन, त्यावर अव्वांच्याच बोलीत लिहिलेलं, 'बरी हाय'. सकाळी ते दाबायचं, की इकडे यांच्या मॉनिटरवर हिरवा गोल. दुपारपर्यंत दाबलं नाही तर लाल. लाल झालं की हे हातातलं काम टाकून फोन करायचे.

चार दिवस हिरवं झालं, मग रोज लाल व्हायला लागलं. हे नेटवर्कला शिव्या देत होते. खरं कारण मला बसवजयंतीला मैंदर्गीला गेल्यावर कळलं. अव्वा चुलीपुढे बसल्या होत्या. मी विचारलं, "अव्वा, बटन का दाबत नाही?"

"दाबलं की शिवू फोन करत न्हाय," त्या म्हणाल्या. "न दाबलं की करतोय. मग कशाला दाबू?"

मी हसले. यांना सांगितलं. तेही हसले, "अव्वा लई हुशार" म्हणाले. "पण रोज लाल झालं तर खरं लाल कुठलं ते मला कळणार कसं?" हा प्रश्न चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. त्याचं उत्तर मात्र त्यांनी त्यांच्या पद्धतीनं काढलं. बटन दाबायची गरजच ठेवली नाही. फोन नुसता उचलला, हलला, की पेज आपणहून हिरवं, आणि मॉनिटरवर एक हिरवी रेघ. अव्वांचं बोट लागून पेज सारखं बंद व्हायचं, म्हणून फोनमध्ये ते पेज सोडून दुसरं काही उघडणारच नाही, आलेला फोन तेवढा घेता येईल, असंही करून टाकलं. त्यातून बाहेर पडायला एक नंबर लागायचा, तो यांना एकट्यांनाच ठाऊक. "बोलायचं रविवारी निवांत बोलू की," म्हणाले. दोन-तीन रविवार बोललेही.

त्यानंतर रोज रेघाच रेघा. अव्वा दिवसभर फोन उचलून बघत असणार, वाजतोय का. मी हे बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "चांगलंच की, हातपाय हलतायत." मी अधूनमधून फोन करायचे, पण माझा आवाज ऐकला की त्या आधी विचारायच्या, "शिवू कुटं हाय?"

त्या दिवशी यांना सुट्टी होती. मी कणीक मळत होते. मागच्या खोलीतून हाक आली, "अक्षता, हे बघायला ये." मॉनिटर हिरवागार झाला होता. रेघेला रेघ चिकटलेली, मध्ये फट म्हणून नाही. हे खुशीत होते. "आज अव्वा लई फिरतीय. बाजारात गेली असंल." त्यांनी त्याचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

"मग करा की एक फोन," मी म्हणाले.

"बाजारात ऐकू येतंय होय? संध्याकाळी करतो."

मी पुन्हा कणकेकडे गेले.

दुपारची जेवणं झाल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. मैंदर्गीचा दुकानदार बसप्पा. अक्कलकोटच्या कुठल्या तरी पाहुण्याला गाठून त्याने यांचा नंबर मिळवला होता. अव्वा गेल्या, एवढंच तो नीट बोलू शकला. हे फोन कानाला तसाच धरून मॉनिटरकडे बघत राहिले. तिथे अजून रेघा उमटत होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा अव्वांना आमच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. शेजारच्या चन्नम्माकाकू त्यांच्या पायाशी होत्या आणि तो फोन काकूंच्या हातात होता.

सकाळी म्हशीपाशीच अव्वांच्या छातीत कळ आली होती. शुद्ध होती. डॉक्टर आले, सोलापूरला न्या म्हणाले, जीप सापडेपर्यंत दुपार झाली. तोवर अव्वा एकच मागत होत्या.

"शिवूला लाव म्हनत हुती," काकू सांगत होत्या. "तुजा नंबर आमी कदी घेतलाच न्हाय रे, अव्वाकडं हुता की. म्या फोन घेतला तर हे हिरवंच. दाबलं, हलवलं, माळवदावर नेलं. बंद करून चालू केला तर नंबर मागतोय. गल्लीतल्या समद्यांनी बघितलं, कुणालाच उगडंना. अव्वा म्हनली, आवाज तरी ऐकव. शेवटपातुर दारातल्या माज्याकडंच बघत हुती, लागला का म्हनून."

मला त्या क्षणी या माणसाचा असा राग आला की त्यांना धरून गदागदा हलवावं. आणि त्यांचा चेहरा बघून तोही राग राहिला नाही. काहीच राहिलं नाही. हे खाली बसले, अव्वांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

चन्नम्माकाकू त्यांच्या शेजारी सरकल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शिवू, बरं न्हाय म्हनून सांगायचं बटन कुटलं रे हेच्यात? लई हुडकलं आमी."

शिवराजांनी फोन हातात घेतला.

"तसलं बटन केलंच नव्हतं, काकू," ते म्हणाले.