समुद्रगाईला दृष्ट लागेल

माझ्या वळैकाप्पूच्या दिवशी हॉलमधला टीव्ही चालू ठेवायचा, ही परवानगी मी सासूबाईंशी भांडून मिळवली. वळैकाप्पू म्हणजे गरोदर बाईच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरण्याचा सोहळा. आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांनीही तो केव्हाच आपलासा केला आहे. त्यात टीव्ही लावतात असं सासूबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"सिनेमा पाहणार की काय अत्तां?" वत्सलाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कमरेवर हात ठेवून विचारलं.

"समुद्र पाहणार," मी म्हटलं.

माझी नोकरीच ती आहे. आमच्या तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्याला पाक उपसागरात समुद्रगाईंसाठी राखीव क्षेत्र आहे. समुद्रगाय म्हणजे तळाचं गवत चरणारं, पिलाला दूध पाजणारं, भलंमोठं आणि अतिशय भित्रं जनावर. क्षेत्र राखीव झालं म्हणून कागदावर रेघा आल्या, पण पाण्यात कुंपण थोडंच घालता येतं? बोटींनी कुठून जायचं, जाळी कुठे टाकायची नाहीत, हे गावांनी मनावर घेतलं तरच काही खरं. ते ठरवून घेणं हे माझं काम, आणि डॉक्टरांनी मला बोटीत बसायची बंदी केल्यापासून मी घरात नुसती फणफणत होते.

सगळं अडलं होतं उत्तरेच्या कुरणापाशी. तिथलं समुद्री गवत सगळ्यांत दाट, आणि बंदरात यायची जवळची वाटही नेमकी त्यावरूनच. बोटींचे पंखे गवत कापत जातात, कधी जनावराची पाठही. बोटींनी वळसा घालावा म्हणून मी वर्षभर बंदरावरच्या गावाच्या मागे लागले होते. गावाचे पुढारी नटराज एकाच गोष्टीवर अडून होते. त्यांचं म्हणणं, गाई सगळीकडेच फिरतात, पण त्या कुरणात पिल्लं वाढतात हे दाखवा, मग मी गावाला वळवतो. आधी काढून आणलेला व्हिडिओ मात्र चालणार नाही. पूर्वी एका साहेबानं परदेशातल्या समुद्राचा व्हिडिओ आपला म्हणून दाखवला होता आणि तो पकडला गेला होता. तेव्हापासून नटराजांचा हट्ट, घडत असताना पाहीन, माझ्या डोळ्यांनी.

गावाची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. वारा फिरायला लागला होता. एकदा फिरला की महिनोन्महिने पाणी गढूळ, आणि तोवर मी बाळंतीण. म्हणून मी नटराजांनाच सपत्नीक वळैकाप्पूचं आमंत्रण दिलं. माझी सहकारी कीर्ति बोटीतून ड्रोन उडवणार, आणि माझ्या नवऱ्यानं, विष्णुप्रसादनं, तिचं चित्र थेट आमच्या टीव्हीवर जोडून दिलं.

बायका जमल्या, लेमन राइस आणि नारळभाताचे डबे उघडले, माझ्या हातात बांगड्या चढू लागल्या. बायकांच्या सोहळ्यात पुरुष म्हणून नटराज बिचारे दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते. टीव्हीवर नुसतं हिरवं पाणी. माझं चित्त बांगड्यांत नव्हतंच.

"अगो, हात सैल सोड," सासूबाई म्हणाल्या. "बांगडी फुटेल."

तेवढ्यात फोनमधून कीर्ति म्हणाली, "अनुषा, डावीकडे बघ. माती उठतेय."

चरताना समुद्रगाय तळ उकरते. हिरव्या पाण्यात मातीचा एक ढग दिसत होता, तो हळूहळू पुढे सरकत होता. ढगातून एक करडी पाठ वर आली. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या. ती पाठ श्वासासाठी वर वर येत गेली, आणि तिच्या अंगाला चिकटून, तिच्याहून फिकट, एवढंसं काहीतरी तिच्याबरोबर वर आलं.

"लेंकरू!" कुणीतरी ओरडलं, आणि झाडून साऱ्या बायका उठून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. केवढं गोड, केवढं गुबगुबीत, दूध पितंय बघा, असा नुसता कल्ला. मीही ओरडत होते, हसत होते, रडतही होते बहुतेक.

आणि सासूबाईंनी तबकातली नवीकोरी दारासुरमची रेशमी साडी उचलली, फडकन उलगडली आणि टीव्हीवर टाकली.

मला क्षणभर काही कळेना. मी धडपडत उठून साडी ओढली, तोवर पडद्यावर मातीचा ढग तेवढा उरला होता. गाय पिलासकट खाली गेली होती. कीर्ति म्हणाली, बॅटरी संपत आली, ड्रोन परत आणते. मी दाराकडे पाहिलं. नटराज खुर्चीपुढे उभे होते, टाचा उंचावून, आणि त्यांच्यासमोर बायकांच्या पाठींची भिंत होती.

"तुम्हाला दिसलं?" मी तमिळमध्ये विचारलं.

"आई दिसली," ते म्हणाले. "पिल्लू नाही. बायका उठल्या, मग साडी आली."

मग मात्र माझा तोल गेला. भर वळैकाप्पूत, पाहुण्यांदेखत, मी सासूबाईंवर ओरडले. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतलंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला, पण माघार घेतील तर त्या वत्सलाबाई कसल्या.

"इतकी माणसं डोळे फाडून पाहाताहेत," त्या म्हणाल्या. "आंगावर पितें लेंकरू तें. दृष्टि नाही लागणार? तुझें लेंकरू मी असें गावाला दाखवीन काय?"

नटराजांना मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, अम्मा काय म्हणतात? मी रागारागात शब्दन् शब्द सांगितला.  ते चार पावलं पुढे आले आणि थेट सासूबाईंना तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, तुम्हाला त्या वाटेचं काही ठाऊक आहे? कुरणाचं, बैठकीचं?"

"मला कसलं ठाऊक?" सासूबाई अजून घुश्शातच होत्या. "मी लेंकरू पाहिलं, झाकलं."

"मग ते होतंच," नटराज म्हणाले. "व्हिडिओ खोटा काढता येतो. लेकरू झाकायला हात असा खोटा उठत नाही."

आमच्या साऱ्यांच्या समोरच त्यांनी खिशातून फोन काढला. कीर्तिची बोट त्यांचा धाकटा भाऊ चालवत होता. त्यालाच त्यांनी फोन लावला.

"निघालास का? इंजिन सुरू करू नको," ते म्हणाले. "बांबूनं ढकलत कुरणाबाहेर ये, मग वळशानं घे. उद्यापासून सगळ्यांनीच वळशानं यायचं, बैठकीत मी सांगतो."

पलीकडून काहीतरी कुरकुर ऐकू आली. बहुधा कारण विचारलं असावं.

"आत बाळंतीण आहे," नटराज म्हणाले.