नारळाची अर्धी वाटी

डीपी या दोन अक्षरांवर प्रत्येकाचा आपापला हक्क होता. दगडाबाईचा भाऊ राधाकृष्ण नागापूरच्या कारखान्यात कामाला. त्याच्या लेखी डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा आणि त्यातून त्याच्या प्लॉटचा कोपरा खाणारा डीपी रोड. नात दिशा कॉलेजात. तिची डीपी मोबाईलवरची, आठवड्याला बदलणारी. आणि घोडेगावजवळच्या त्यांच्या वस्तीला डीपी एकच, बांधावरच्या खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. ती जळाली आणि बाकीच्या डीप्या कुणाला सुचेनात.

दगडाबाईच्या विहिरीत पाणी होतं, पण मोटार मुकी. कांद्याच्या रोपाने माना टाकल्या. रोप गेलं की यंदाचा कांदाच गेला, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. लाईनमनला विचारावं, तर तो आभाळाकडे बोट दाखवी.

मग दिशाने डोकं चालवलं. वस्तीतल्या झाडून सगळ्यांनी मोबाईलवर जळक्या डीपीचा फोटो लावायचा आणि रोज सकाळी वीज ऑफिसातल्या साहेबांना नुसतं ‘राम राम’ पाठवायचं. तक्रारीचा एक शब्द नाही. वस्तीला हे काम भलतंच आवडलं.

अडून बसली ती एकटी दगडाबाई. तिच्या मोबाईलवर गहिनीनाथ होते, तिचे मालक. ही डीपी पहिल्यांदा बसली त्या दिवशीचा फोटो: डीपी नवी कोरी, हातात फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी, आणि आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यापुढे हसलेला माणूस.

“यान्ला मी काडनार न्हाई,” ती म्हणाली. “आन फोटूत डीपी हायच की.”

दिशाने कपाळाला हात लावला. आजीपुढे कुणाचं चाललंय? तिचा ‘राम राम’ त्याच फोटोनिशी जाऊ लागला.

एका सकाळी साहेबांचा फोन आला, तो नेमका दगडाबाईलाच. “आजी, एवढ्या जळक्या डीप्यांत हे हसणारे कोण?”

“आमचं मालक. तवा नारळ त्यांनीच फोडल्ता. आता ते न्हाईत, म्हून यंदा मी फोडनार हाय. तुमी फकस्त डीपी धाडा, रोप वाळतंय.”

साहेब म्हणाले, “नारळ आणून ठेवा.”

डीपी टेम्पोतून आली. जोडणी झाली, दगडाबाईने नारळ फोडला. दिशा म्हणाली, “आजी, वाटी धर आन हास.” हसायचं कसं, हे दगडाबाई विचारतच होती, तेवढ्यात विहिरीवरून मोटारीचा आवाज आला आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

रोपाच्या वाफ्यात पाणी सोडून ती दिशाला म्हणाली, “माझा फोटू लाव. पर त्यान्ला काडू नको.”

दिशाने दोन्ही फोटो जोडले. एका अंगाला गहिनीनाथ, दुसऱ्या अंगाला दगडाबाई, दोघांच्या हातात एकेक वाटी. लग्नात फोटोवाला परवडला नव्हता, पुढे सवड झाली नाही. जोडीचा हा त्यांचा पहिलाच फोटो. वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं, तरी दगडाबाई मोबाईल बघत तिथंच उभी होती.