लाल शाईतला एक शब्द

मी एक जुनी, कापडी बांधणीची वही आहे. कवठे येमाईच्या सर्जेरावांनी १९९२ साली मला शिरूरच्या बाजारातून आणलं. तेव्हा ते पंचायत समितीला पहिल्यांदाच उभे होते. कोणत्या वाडीत कधी गेलो, कोण काय बोललं, कुठं किती मतं पडली, हे सगळं माझ्या पानांवर उतरायचं.

लिहायचे मात्र त्यांचे धाकटे भाऊ हौशीराम. सर्जेराव मोटारसायकल चालवायचे आणि हौशीराम मला पोटाशी धरून मागे बसायचे. त्या वर्षी सर्जेराव तीनशे मतांनी पडले. हौशीरामांनी आकडा लिहिला आणि खाली स्वतःहून जोडलं, 'पुढच्या टायमाला दादा नक्की.' मित्रांनो, माझ्या साऱ्या पानांत मला तीच ओळ आवडते.

१९९७ साली सर्जेराव अवघ्या एकोणीस मतांनी पडले. वस्तीवरचे सव्वीस मेंढपाळ मेंढरं घेऊन राहू गावाकडे गेले होते. त्यांना मतदानाला आणायचं काम हौशीरामांकडे होतं. ते त्यांना घेऊन आले, पण पाच वाजता मतदान संपल्यावर, आणि उतरले ते विरोधकांच्या जीपमधून. निकालाच्या दिवशी सर्जेरावांनी माझ्यातल्या हौशीरामांच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं, 'फितूर'.

"दादा, माझं ऐका तरी," हौशीराम दारातून म्हणाले.

"काय ऐकू? समद्या गावानं बघितलंय. जा तू."

हौशीराम बायकोला, तानुबाईला घेऊन शिक्रापूरला गेले. एका कारखान्यावर वॉचमन झाले. चार वर्षांनी हमरस्त्यावर ट्रकनं त्यांना उडवलं. सर्जेराव अंत्यविधीला गेले, पण लांबच उभे राहिले.

२००२ साली सर्जेराव निवडून आले. अंगावर गुलाल असतानाच संपत मेंढपाळ भेटायला आला.

"मागल्या टायमाला आमची मतं ऱ्हायली, आप्पा. हौशीरामनं टेम्पो आणला व्हता, पर त्यो वाटंत बंद पडला. मंग इरोधकांच्या जीपवाल्याच्या पाया पडून त्यानं आमाला आणलं. तरी उशीर झालाच."

सर्जेरावांनी तोंडावरचा गुलाल धुतला, मला घेतलं आणि तडक शिक्रापूर गाठलं. तानुबाईच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी ते पान उघडलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"तानुबाई, हौशीरामच्या नावाम्होरचं एवढं तुझ्या हातानं खोड."

"मला वाचता येत न्हाई, दादा. धनी दर दिवाळीला म्हणायचे, औंदा दादा येतील. काय लिवलंय त्यांच्या नावाम्होरं?"

सर्जेरावांच्या तोंडून तो शब्द काही केल्या निघेना. तानुबाई वाट बघत राहिली.

मित्रांनो, माझ्यातली मतं सगळी बरोबर आहेत, माणूस मात्र चुकीचा लिहिला गेला. मी कागद, जे लिहिलं ते निमूट सांभाळलं. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, कुणाच्या नावापुढे काही लिहिण्याआधी त्याला आत बोलवा, तांब्याभर पाणी द्या आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.