पुलावर फुटलेलं मागचं चाक

लग्नाच्या दिवशी आतेबहीण सिनीवाला चर्चमध्ये न्यायला तिरेसाची गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा तिरेसाच्या बाबांनी, लाफाएलेंनी, एवढंच विचारलं होतं की मागे माणसं बसवून कधी चालवलीयस का? तिरेसाने हसून विषय टाळला. गाडीची उंची तिने स्वतः कमी केली होती, एकोणीस इंची रुंद रिम चढवल्या होत्या, चाकं वरून आत झुकवली होती. सगळ्या माँगेरे उपनगरात अशी गाडी दुसरी नव्हती.

पण त्या तिरकेपणामुळे टायर आतल्या कडेने झिजायचे. लग्नासाठी घेतलेले नवे टायर वाचावेत म्हणून आदल्या दिवशी तिने मागची चाकं बरीचशी सरळ केली. रिकामी गाडी गल्लीतून फिरवून पाहिली. कुठेच घासलं नाही.

सकाळी शेजारी नवरी बसली. मागे नवरीची आई लुपे आत्या आणि तिच्या दोन जावा. तिघी अंगाने भरलेल्या. गाडी आणखी खाली गेली, आणि पहिल्याच उंचवट्यावर मागून खर्रकन आवाज आला. चाकं सरळ केल्याने मडगार्डची कड आता टायरला लागत होती. तिरेसाला ते कळलं. तिने गाण्याचा आवाज वाढवला.

पूल लागला तेव्हा सिनीवा म्हणाली, "जळल्याचा वास येतोय गं."

"तुझ्या केसांचा असेल. सकाळी किती भाजलेस ते," लुपे आत्या म्हणाली. मागच्या दोघी हसल्या.

तिरेसाने आरशात पाहिलं. डाव्या चाकापासून पांढरट धूर निघत होता. मागून येणारी बाबांची व्हॅन दिव्यांची उघडझाप करत होती. पुलावर थांबायला जागा नव्हती, मागे ट्रक होते.

"आत्या, तिघी उजवीकडे सरका. जेवढं सरकता येईल तेवढं."

तिच्या आवाजाने मागचं हसणं थांबलं. तिघी एकमेकींवर रेलल्या. तिरेसाने वेग उतरवला, डावी लेन धरली. पुलाचं टोक दिसत होतं, तोच टायर फुटला. गाडीची शेपटी भिरकावली गेली. पाय ब्रेककडे गेला, तो तिने मागे घेतला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. कठडा खिडकीला लागतो की काय इतका जवळ आला. मग गाडी हळूहळू सरळ झाली आणि पूल संपल्यावर कडेला थांबली.

लुपे आत्या प्रार्थना पुटपुटत होती. बाबा धावत आले.

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही. पण बाबा, मला पहिल्या उंचवट्यालाच कळलं होतं. तरी मी थांबले नाही."

लाफाएलेंनी वाकून फाटलेला टायर चाचपला. "आज मला काही बोलायला लावू नकोस," ते म्हणाले.

व्हॅनमध्ये भाजलेली डुकरं आणि तारो कंदांच्या परड्या होत्या. त्यातच जागा करून जावा बसल्या. पुढे सिनीवा झगा गोळा करून आईला चिकटून बसली. आत्याने तिरेसाकडे पाहिलंही नाही.

टो-ट्रक येऊन गाडी घेऊन गेला आणि तिरेसा चर्चला पोचली, तेव्हा लग्न लागून गेलं होतं. जेवणाला ती टोकाच्या टेबलावर बसली. सिनीवा तेवढी येऊन तिच्या गालाला गाल लावून गेली.

पुढच्या शनिवारी तिरेसा गाडी उंच करायला घेऊन अंगणात बसली. थोड्या वेळाने बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पाना मागितला. दुपारभर दोघं खपले. बोलणं कामापुरतंच झालं. लुपे आत्या मात्र अजून तिच्या गाडीत बसत नाही.