कड मारणाऱ्या बायका पाहिजेत

मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या गेटशेजारी मला टांगलंय, तेही तोंड भिंतीकडे करून. मित्रांनो, सांगायचं पुष्कळ असावं आणि कुणी तोंड दाबून धरावं, तशी माझी दिवसभर घालमेल होते.

मालक चनमल्लप्पांनी माझ्यावर पेंटरकडून ठळक लिहून घेतलं होतं, 'टॉवेलला कड मारणाऱ्या बायका पाहिजेत.' टॉवेलच्या कडा दुमडून शिवता येणाऱ्या बायका ते मोठ्याने वाचायच्या आणि थेट आत जायच्या. काय रुबाब होता माझा! मग कारभार त्यांच्या मुलाकडे, विरेशकडे आला. "गेटवर गर्दी नको. ऑनलाइन पारखून माणसं घेऊ," म्हणत त्याने मला भिंतीकडे फिरवलं.

परवा वळसंगची भुवनेश्वरी आली. ती कामाला होती तो कारखाना बंद पडला होता. सोलापुरात काम मिळालं नाही, तर लेकीला गावी ठेवून तिला पुण्याला जावं लागणार होतं. वॉचमन मायाप्पा म्हणाला, "हितं इचारून उपेग न्हाय. ऑनलाइन भरा."

ती माझ्याखालीच मोबाइल काढून बसली. "घरबसल्या अर्ज भरता येतोय, ते लई बरं हाय, दादा. पर हे बगा की, नामांकित टेक्स्टाइल कंपनीला फिनिशिंग एक्झिक्युटिव्ह पायजे म्हणं. सायबीणच लागत असंल. मला आपली कड मारायला येतीय."

अहो, ती जाहिरात विरेशचीच होती! कड मारणारीलाच त्याने ते भारदस्त नाव दिलं होतं. मी वाऱ्यावर खडखडलो, भिंतीवर आपटलो. पत्र्याचं ऐकतंय कोण?

तेवढ्यात विरेश कानाला फोन लावून बाहेर आला. "ताई, बाजूला सरका, टेम्पो येतोय," तिच्याकडे न बघताच म्हणाला. ती सरकली आणि आलेल्या वडाप जीपमध्ये बसून निघून गेली.

फोन ठेवून विरेश करवादला, "अर्जांचा ढीग पडलाय, मायाप्पा, पण कड मारता येणारी एक बाई नाही!"

"आत्ताच गेली की एक!"

"मग थांबवायचं की तिला!"

"तुमीच सांगितलं की, ऑनलाइन भरा म्हणायचं."

विरेश मोटारसायकल घेऊन सुटला आणि थोड्या वेळाने एकटाच परत आला. "रस्त्यावरचे सगळे वडाप बायकांनी भरलेत. मी तिचं तोंडच बघितलं नाही, मायाप्पा. कुणाला हाक मारू?" त्याचा चेहरा इतका उतरला होता, की मला त्याच्यावर रागावताही येईना.

मित्रांनो, मोठे झालात की माणसं खुशाल मोबाइलवरून बोलवा. पण त्यांना कळेल अशा शब्दांत बोलवा. आणि कुणी दारापर्यंत आलंच, तर बाजूला सरका म्हणण्याआधी एवढं विचारा, "बाई, तुम्हाला काय काम येतं?"