जांभळं बोट

त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंपासून वरच्या निवृत्त मास्तरांपर्यंत झाडून सगळे आमच्या पुढच्या खोलीत डोकावत होते. आत सतरंजीवर कागदबाबा बसले होते. माझ्या दिराची नोकरी गेली होती. ती घरातल्याच कुणाच्या तरी मत्सरामुळे गेली, आणि ते माणूस कोण हे कागद दाखवणार, असं बाबांनी सासूबाईंना सांगितलं होतं.

"मत्सर काळजात पेटतो, नसांतून धावतो आणि बोटाच्या टोकाशी येऊन बसतो," बाबा गरजले. "मग त्याला पळायला जागा नाही!"

जणू मत्सर नव्हे, बिनतिकिटाचा प्रवासी.

पण खरं सांगते, हे ऐकून मी माझी बोटं मुठीत लपवली. कारण या घरात जळणारी मीच होते. धाकटी जाऊ येऊन सात महिने झाले होते. त्याआधी नऊ वर्षं सासूबाई मला विचारल्याशिवाय साधा पडदा बदलत नव्हत्या. आता ऊठसूट "धाकटीला विचार". ती हसली की घर हसायचं. आमचे हेसुद्धा जेवताना म्हणाले, "धाकटीच्या हाताला चव आहे हं." मी ताट बाजूला सारलं. तिचं हसणं, तिचे केस, सगळ्याचाच मला राग यायचा.

बाबांनी पांढरे कागद चिमट्यानं काढले. "पापी हात लागायला नको." एकेकाचं बोट तीर्थात बुडवलेल्या कापसानं पुसून ते कागदावर टेकवायला लावलं. दिराचं, सासूबाईंचं, आमच्या ह्यांचं, माझं. धाकटीची पाळी आली तेव्हा मात्र बाबा विरघळले. "तू नवी आहेस, बाळ. घाबरू नकोस. कपाळावरून हात फिरव, देवाचं नाव घे आणि टेकव बोट." मग कागदांवर सुगंधी पाण्याचा फवारा मारला आणि अग्निदेवता म्हणून आमचीच इस्त्री मागवली.

चार कागद कोरे राहिले. पाचव्यावर हळूहळू एक जांभळं बोट उमटलं, रेषा न् रेषा दिसणारं.

"अगं बाई!" शिंपीणबाई किंचाळल्या.

"सात महिने साप पोसला मी!" सासूबाई कडाडल्या. "उद्या सकाळी माहेरी जायचं. परत यायचं नाही."

दीर खाली मान घालून बसून राहिला. आणि मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. पुन्हा सगळे मलाच विचारणार होते.

तेवढ्यात ते जांभळं बोट मी नीट पाहिलं आणि ओळखलं. मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असतो, त्यावर औषधाचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचं टोक द्रवात उभं करायचं. द्रव वर चढतो तसे औषधातले घटक वेगवेगळे होतात, पण बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत. काही खास दिव्याखाली दिसतात, काही आयोडीनच्या वाफेत. काहींवर फवारा मारून पट्टी तापवावी लागते, तेव्हा रंग उमटतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला औषधात नसलेला एक मोठा जांभळा डाग सापडला. मी नाचत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, हा शोध नाही, तुमचा अंगठा आहे. पट्टी चिमट्यानं धरा." आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण ही चूक एकदा करतोच.

म्हणजे मला सगळं कळलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. मी बसलेही.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना," धाकटी माझा हात धरून रडत म्हणाली. "तुम्हाला तर माहीत आहे मी कशी आहे."

माहीत होतं, म्हणून तर जळत होते. मी उठले, कपाळ चोळलं आणि तेच बोट दुसऱ्या कोऱ्या कागदावर टेकवलं. फवारा मारला, इस्त्री फिरवली. जांभळं!

बाबा चपळ निघाले. "पाहा! आत्ता हिच्यातही मत्सर जागा झाला!"

"आत्ता?" मी म्हणाले. "बाबा, मी सात महिने हिच्यावर जळते आहे. मघाशी माझं बोट कोरं आलं तेव्हा तुमचा कागद झोपला होता का?"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आमचे हेही. माझे कान तापले, पण आता थांबून चालणार नव्हतं.

"फवाऱ्यात निनहायड्रिन आहे. घामातल्या द्रव्याशी त्याचा संयोग झाला आणि ऊब मिळाली की जांभळा रंग येतो. तीर्थ म्हणजे स्पिरिट. त्यानं पुसलेलं बोट उमटत नाही. फक्त हिचं पुसलं नाही, उलट कपाळाचा घाम लावायला सांगितला. का? तर नव्या सुनेच्या बाजूनं बोलायला घरात कुणी नसतं."

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवून कागदावर टेकवलं आणि मला फवारा मारून इस्त्री फिरवायची खूण केली. त्यांचंही बोट जांभळं उमटलं. "मला आता या वयात कुणाचा मत्सर?" एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी बाबांपुढे कागद धरला, "आता तुमचं होऊन जाऊ दे!" तशी बाबांना दुसरीकडचं बोलावणं आठवलं. फवाऱ्याची बाटली तिथंच राहिली.

धाकटी राहिली. त्या रात्री मात्र ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

तुमच्या दारात असा कुणी आला, तर सगळ्यांची बोटं एकाच रीतीनं पुसायला लावा, आणि पहिलं बोट त्याचंच टेकवा. माणसाच्या बोटाला घाम असतो. मनात काय आहे ते कुठल्याच फवाऱ्यानं उमटत नाही. ते ज्याचं त्यालाच तोंडानं सांगावं लागतं, आणि मी सांगितलं त्या दिवशी एक सून घराबाहेर जायची वाचली.