शालू टाकीवर चढत नाही

हिवरखारच्या लोकांची एक रीत होती. उन्हाळा तापला आणि नळ कोरडे पडले की गावातली पुढारी मंडळी पाण्याच्या टाकीवर चढत. टाकीत पाणी असतं तर चढायची वेळच आली नसती. नव्हतं म्हणून ती बिचारी आंदोलनाच्या कामी यायची. वरून घोषणा व्हायच्या, खाली पोलीस यायचे, मग इंजिनिअरसाहेब यायचे. साहेबांनी लेखी आश्वासन दिलं की मंडळी उतरायची. आश्वासन न चुकता यायचं, पाणी तेवढं यायचं नाही. या रीतीला मंडळींचे म्होरके पंजाबराव यांनी एक नियमही घालून दिला होता. जो टाकीवर चढेल, तोच साहेबाशी बोलेल.

या नियमानं शालूचं तोंड कायमचं बंद करून टाकलं होतं, कारण शालूला उंचीचं भेव होतं.

भेव म्हणजे लुटुपुटूचं नव्हे. फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढायचं तरी ती नवऱ्याला हाक मारी. अमरावतीला उड्डाणपुलावरून ऑटो चालला की डोळे गच्च मिटून घेई आणि "संपला का भाऊ पूल?" म्हणून ऑटोवाल्याचं डोकं खाई. आधी तळपायाला मुंग्या येत, मग गुडघ्यातलं बळ जाई, मग सगळी जमीन आपल्याला खाली ओढते आहे असं वाटे. तिच्या नणंदेचं, बेबीताईचं, निराळंच. बेबीताईला पडायची भीती नव्हती. गच्चीच्या काठाशी गेलं की आपणच उडी टाकू की काय, असं तिच्या मनात येई, म्हणून ती गच्चीच्या मधोमध बसून पापड वाळत घाली. शालूचा नवरा शालिकराम धडधाकट होता तेव्हा स्वतः झाडाच्या शेंड्यावर जाऊन येई, पण दुसरं कोणी काठाशी उभं दिसलं की त्याच्या तळहातांना घाम फुटे. भीतीसुद्धा माणसागणिक वेगळी असते, पण गावाला एवढं बारीक कोण समजावणार? गावाच्या लेखी माणसांच्या दोनच जाती, चढणारे आणि भित्रे.

बरं, शालूला बोलायचं नसतं तर प्रश्नच नव्हता. पण गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारट की जीभ आखडते. शालिकरामची किडनी बिघडली, आठवड्यातून दोनदा त्याला एसटीनं अकोल्याला डायलिसिसला न्यावं लागे. ते विहिरीचं पाणी आता थेंबभरही नको, असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं. त्याच्यासाठी गोडं पाणी ती शेजारच्या गावाहून भाजीच्या हातगाडीवर आणत होती. अकोल्याचा तो दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याला एका बाजूनं नुसती काच. शालू भिंतीला खांदा घासत, देवाचं नाव घेत तो जिना चढते. पण ते चढणं गाव मोजत नाही. तिथं खाली टाळ्या वाजवायला कोणी उभं नसतं ना!

गोडं पाणी काही चंद्रावर नव्हतं. मोठ्या योजनेची पाइपलाइन गावच्या फाट्यावरूनच पुढं जात होती. फाट्यावर गावाच्या वाट्याचा व्हॉल्व्ह होता, तो बंद होता, आणि तो फिरवायची चावी साहेबांकडे होती. इतकी साधी गोष्ट! त्या साध्या गोष्टीसाठी दर उन्हाळ्याला माणसं आभाळात जात होती.

यंदाच्या मे महिन्यात शालूनं ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, पण साहेबाशी आपण बोलायचंच. पंजाबराव, जानराव आणि पोरगेला अश्विन टाकीवर निघाले, तशी तीही पदर खोचून त्यांच्या मागून शिडीवर चढली.

तिसऱ्या पायरीवर तिचा पाय उचलेना. हात शिडीला असे चिकटले की बेबीताईनं येऊन एकेक बोट सोडवावं लागलं. खाली जमलेल्या लोकांत खसखस पिकली. पंजाबराव वरून ओरडले, "वयनी, तुमी खालीच राहा! साहेबाच्या चहाचं पाहा! येर्‍यागबाळ्याचं काम नाई हे!"

एखादी बाई रडत घरी गेली असती. शालूला रडू नाही आलं, तिला आला संताप. ती शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली आणि वर पाहू लागली.

आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आलं ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. भेव कसं दिसतं हे तिला घरच्या माणसासारखं ठाऊक होतं. पंजाबराव घोषणा देत होते खऱ्या, पण पाठ टाकीच्या भिंतीला चिकटवून आणि तोंड आभाळाकडे करून. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नव्हतं. अश्विननं आधी कठड्याखाली पाय सोडून मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते पाय त्यानं हळूच वर ओढून घेतले होते आणि उगीचच हसत होता. जानराव तर डोळे मिटून पुटपुटत बसले होते. म्हणजे भीत सगळेच होते. एकाचं भेव ओरडत होतं, एकाचं हसत होतं, एकाचं जप करत होतं. तिचंच तेवढं उघडं पडलं होतं.

"अवं बेबीताई, हे तं सगळे मायासारखेच निंगाले," ती म्हणाली.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब काही घाईत नव्हते. लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून त्यांनी चहा मागवला. हवालदार म्हणाला, "साहेब, बोलावू का त्यांना खाली?"

"कशाला? ऊन तापलं की आपोआप येतात. दरवर्षीचंच आहे." साहेब हसले आणि बशीत चहा ओतू लागले.

शालूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आश्वासन मंजूर का होतं, पाणी का येत नाही, सगळ्याचा उलगडा झाला. वर चढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं? खाली यायला. ते साहेबाला माहीत होतं, म्हणून तो निवांत चहा पीत होता. गावाला लढायचं होतं पाण्यासाठी, आणि गावाची माणसं वर बसून मोल करत होती उतरण्याचं!

झालंही तसंच. दुपारी साहेबांनी कागद उंच धरून सांगितलं, पंधरा दिवसांत नक्की. वरून लगेच आवाज आला, "मंजूर आहे! मंजूर!" अश्विन सरसर उतरला, त्याच्यामागून जानराव आले. पंजाबरावांनी मात्र शिडीवर एक पाय टाकला आणि ते तिथंच थिजले. चढताना माणूस वर पाहतो, उतरताना खाली पाहावं लागतं. पंजाबरावांचं सगळं भेव त्या उतरण्यातच होतं. दरवेळी ते शेवटी का उतरत आणि तोवर लोकांना नाश्त्याला का पाठवून देत, हे आज सगळ्या गावाला दिसलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसू नका!" शालू कडाडली. मग शिडीखाली उभी राहून ती मऊ आवाजात म्हणाली, "भाऊ, खाली पाहू नका. समोरचं लोखंड पाहा फक्त. डावा पाय सोडा. सापडली का पायरी? आता उजवा. घाई नाई आपल्याले." अशी एकेक पायरी सांगत तिनं त्यांना जमिनीवर आणलं. पंजाबराव मान खाली घालून लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसले.

साहेबांनी कागदावर सही ठोकली आणि ते जीपकडे निघाले. "चला, आंदोलन संपलं."

जीपच्या समोर शालू बसली होती, मांडी घालून, भर उन्हात.

"बाई, उठा. तुमच्या लोकांनी मंजूर केलंय."

"त्यायले खाली याचं होतं, साहेब, म्हणून त्यायनं मंजूर केलं. आमी तं खालीच आहो. मी चढलीच नाई, आता मले उतरवता कसं?"

साहेबांनी हातातला कागद पुन्हा उलगडून पाहिला. अशा प्रश्नाचा त्यात रकाना नव्हता. बेबीताई येऊन शालूच्या शेजारी बसली. तिच्यामागून आणखी बाया आल्या, कडेवर पोरं, हातात रिकाम्या कळशा. ज्यांना आजवर कोणी टाकीखाली उभं राहण्यापलीकडे काही काम दिलं नव्हतं, त्या सगळ्या जीपला घेरून बसल्या.

"हे माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले.

"मंग ज्याच्या हातात असंन त्याले बोलवा. आमाले घाई नाई. जमिनीवर बसलेल्या माणसाले चक्कर येत नाई."

हवालदारानं दमदाटी करून पाहिली. बायांनी त्याला सावलीत बसून पाणी प्यायला सांगितलं, आणि पाणी दिलं ते विहिरीचं. एका घोटातच त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो मुकाट लिंबाखाली जाऊन बसला. साहेब फोन करत राहिले. ऊन उतरू लागलं. आता घड्याळाकडे पाहायची पाळी साहेबांची होती.

"गाडीत ते लांब लोखंड कायचं हाये, साहेब?" बेबीताईनं सहज विचारलं.

जीपच्या मागच्या बाजूला व्हॉल्व्ह फिरवायची चावी पडली होती. साहेबांचा चेहरा उतरला. पुन्हा एक फोन झाला, त्यात बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" चाललं, आणि मग साहेब स्वतः चावी खांद्यावर टाकून फाट्याकडे चालू लागले. जीपला वाट बायांनी दिलीच नाही. पुढं साहेब, मागं अर्धं गाव. आजारी शालिकरामही काठी टेकत निघाला. पंजाबरावही उठले आणि कोणी न बोलावता सगळ्यांच्या मागून चालू लागले.

व्हॉल्व्ह करकरला, अडला, मग फिरला. जमिनीखालून पाणी गावाकडं धावलं. थोड्या वेळानं रिकाम्या टाकीत धार पडल्याचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला. बाया ओरडल्या, पोरं टाकीकडं पळत सुटली. शालूनं शालिकरामचा हात धरला आणि ती उघडउघड, सगळ्यांच्या देखत रडली.

साहेब घाम पुसत तिच्यापाशी आले. हरलेला माणूस टोमणा मारल्याशिवाय जात नाही. "एवढी हिंमत होती, तर सकाळी टाकीवर का नाही चढलात?"

शालूनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"मले उंचीचं भेव वाटते, साहेब. उद्याही वाटंन. तुमचं नाई वाटत."